पिंपळखुटे समुद्रावर जातात

भित्र्या माणसांमुळेच हे जग अजून उभं आहे. शूर माणसं इतिहास घडवतात, आणि त्यातून जे काही वाचतं ते भित्री माणसं सांभाळतात. हे विचार माझे सहकारी पिंपळखुटे यांनी मला ऐकवले तेव्हा ते जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधल्या एका बँकेबाहेर, जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभे होते. जिन्याला चार पायऱ्या होत्या. बर्फ पडलेला नव्हता. पडू शकला असता, असं त्यांचं म्हणणं होतं.

पिंपळखुटे मूळचे विदर्भातल्या आर्वीचे. आमची कंपनी लहान होती. ऱ्हाईनच्या काठावरच्या मोठ्या रासायनिक कारखान्यांना सुरक्षिततेची कामं करून देणं हा तिचा धंदा, आणि पिंपळखुटे त्या धंद्यातले जुने जाणकार. दोन हजार सालानंतर लगेचच मी तिथे रुजू झालो आणि माझं टेबल त्यांच्या समोर आलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारण्याआधी मला खोलीतून बाहेर पडण्याचे दोन रस्ते दाखवले. दुसरा रस्ता खिडकीचा होता. मग म्हणाले, "हं, आता सांगा. साने ना? बसा."

बंद दार ते कधी तळहाताने उघडत नसत. आधी हाताची पाठ लावून बघत. पलीकडे आग असेल तर दार तापलेलं असतं, आणि पाठ भाजली तरी तळहात कामाला शिल्लक राहतो. हे ते कँटीनच्या दारालाही करत आणि संडासाच्या दारालाही. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसत. विमानात पुढच्या खिशातलं सूचनांचं कार्ड पूर्ण वाचत आणि मग शेजाऱ्याची परीक्षा घेत. ऑफिसातल्या जर्मन मंडळींना त्यांचं आडनाव झेपत नसे. ते त्यांना 'हेर पिंपल', म्हणजे श्रीयुत पिंपल, म्हणत आणि त्यांच्यावर मनापासून प्रेम करत; कारण जर्मन माणसाला आपल्यापेक्षा जास्त काळजी करणारा माणूस सहसा भेटत नाही.

कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मानहाइममधलं एक सभागृह भाड्याने घेतलं होतं. संचालक व्यासपीठावर उभे राहून 'सुरक्षितता हा आमचा आत्मा आहे' या विषयावर बोलत होते. आत्म्याच्या मागे, आणीबाणीच्या दारासमोर, सजावटवाल्यांनी फुलझाडांच्या भल्यामोठ्या कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. पिंपळखुटे पहिल्या रांगेतून उठले, कोट काढून खुर्चीवर ठेवला, आणि एकेक कुंडी उचलून बाजूला ठेवू लागले. कुंडी जमिनीवर घासली की कर्र असा आवाज होई. संचालक थांबत, पुन्हा आत्म्यावर येत, पुन्हा कर्र होई. शेवटी दार मोकळं झालं. पिंपळखुट्यांनी त्याला हाताची पाठ लावून बघितली आणि ते जागेवर येऊन बसले. टाळ्या त्यांना पडल्या की संचालकांना, हे अजून ठरलेलं नाही.

त्या दिवशी आग लागली नाही. पिंपळखुट्यांच्या धंद्यातली पंचाईत हीच. काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी कोणाचा सत्कार करत नाही.

त्यांचा एक वर्ग असे. नव्याने भरती झालेल्या कामगारांना टाकीत उतरण्याचे नियम शिकवायचा. टाकी साफ करायला एक माणूस आत उतरतो तेव्हा दुसरा तोंडाशी उभा असतो. त्या बाहेरच्या माणसाचं काम फक्त बघण्याचं आणि मदत बोलावण्याचं. आतला माणूस कोसळला, तरी बाहेरच्याने आत जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. पिंपळखुटे हे आपल्या आर्वी वळणाच्या जर्मनमध्ये सांगत आणि मग, दर वर्गाला त्याच शब्दांत, भारतातल्या एका खत कारखान्यातली गोष्ट सांगत. "पहिला माणूस गॅसनं मेला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तो मायेनं मेला. तिसरा बाहेर उभा राहिला. तो आज तुम्हाला शिकवतोय."

ते फळा पुसत आणि म्हणत, "आल्झो, तर मग. म्हणून नातेवाईक बाहेरचा माणूस म्हणून चालत नाही. लिहून घ्या."

या माणसाची बायको समुद्राच्या प्रेमात पडली.

कुमुदवहिनीही आर्वीच्याच. लग्नाआधी त्यांनी पाहिलेला पाण्याचा सर्वांत मोठा साठा म्हणजे गावाबाहेरचा तलाव. त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर हारुए नावाची एक जपानी बाई राहायला आली. तिचा नवरा तिकडच्या एका कंपनीतर्फे काही वर्षांसाठी आला होता. या दोघी तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत भेटल्या आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यांची मैत्री झाली. दोघींचं जर्मन सारखंच वाईट असल्यामुळे गैरसमजाला वाव नव्हता. हारुएची आई जपानच्या एका लहानशा किनारी गावात पाण्यात बुड्या मारून शंख-शिंपले काढायची. तोंडात नळी नाही, यंत्र नाही. छातीत भरून घेतलेल्या श्वासावर. गावातल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या होत्या, आणि आई सत्तरी ओलांडूनही करत होती.

वहिनींनी हे ऐकलं आणि पन्नाशीत पोहायला शिकायचं ठरवलं. शहराच्या हालेनबाडमध्ये, म्हणजे झाकलेल्या तलावात, सहा वर्षांच्या पोरांच्या वर्गात नाव घातलं. पिंपळखुटे काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसत. मी एकदा सोबत गेलो होतो. वहिनी पाण्यात तोंड घालत तेव्हा हे श्वास रोखून धरत, आणि वहिनींच्या आधी यांचा चेहरा निळा पडे. शिक्षिकेने शेवटी विनंती केली की हेर पिंपल यांनी कॅफेटेरियात बसावं, मुलं घाबरतात.

हारुए मायदेशी परतली आणि तिकडून आमंत्रण आलं. उन्हाळ्यात या, आई तुम्हाला पाण्यात नेईल. पिंपळखुट्यांनी पहिल्या वर्षी भूकंपाचं कारण सांगितलं. दुसऱ्या वर्षी वादळाचं. तिसऱ्या वर्षी ते जेलीफिशवर वाचन करत असताना वहिनी जेवताना म्हणाल्या, "मी तिकीट काढलंय."

"कोणाचं?"

"माझं."

"आणि माझं?"

"तुम्ही घाबरता ना. तुम्ही बसा इथे. वरण-भात कुकरला लावता येतो तुम्हाला. कुकरलाही घाबरता, पण तेवढं चालवून घ्या."

दुसऱ्या दिवशी पिंपळखुटे माझ्या टेबलाशी आले. चेहरा पांढराफटक.

"साने, तुमचा उरलाउब, रजा हो, किती शिल्लक आहे?"

"का हो?"

"जपानला चला. तिकीट मी काढतो. ती पाण्यात उतरणार म्हणते. कोणीतरी बाहेरचा माणूस पाहिजे ना, बाप्पा."

"तुम्ही आहात की."

"मी नवरा आहे," ते म्हणाले. "नवरा चालत नाही."

असा मी जपानला गेलो. माझी नेमणूक झाली होती.

समुद्रकाठाने जाणारी ती एका डब्याची गाडी मला अजून आठवते. एका बाजूला हिरवे डोंगर, दुसऱ्या बाजूला खडकांवर फुटणारं पाणी, मध्येच एखादं गाव: काळ्या कौलांची घरं, धक्क्याला बांधलेल्या होड्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले मासे, आणि ज्या स्टेशनवर कोणीच नाही असं स्टेशन. वाटेत आम्ही अशा दोन-तीन गावांत थांबलो. वहिनी प्रत्येक ठिकाणी धक्क्याच्या टोकापर्यंत जात आणि पाणी बघत उभ्या राहत. पिंपळखुटे समुद्राकडे पाठ करून फोटो काढत. आधी मला वाटलं ते समुद्राला घाबरून असं करतात. मग कॅमेऱ्यात बघितलं. सगळे फोटो पाट्यांचे होते. लाट आली तर कुठे पळायचं ते दाखवणारे बाण, डोंगरावर जाणाऱ्या पायऱ्या, खांबावरचे भोंगे.

"अहो, समुद्र मागे आहे," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणूनच."

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस ते सुखात होते. मुक्कामाच्या खोलीत पलंग नव्हता, पण भिंतीला विजेरी टांगलेली होती, आणि दारामागे बाहेर पडण्याचा नकाशा. संध्याकाळी भोंग्यातून गाणं वाजलं. आणीबाणीत भोंगे चालतील ना, हे तपासायला रोज वाजवतात असं कळल्यावर त्यांचे डोळे पाणावले. "साने," ते म्हणाले, "हे सगळं गाव माझ्यासारखं आहे."

मग आम्ही हारुएच्या आईच्या गावी पोचलो आणि देवळाच्या वाटेवर तो दगड दिसला. पुरुषभर उंचीचा, शेवाळलेला. त्यावर काय कोरलंय ते हारुएने जर्मनमध्ये सांगितलं: फार पूर्वी एकदा समुद्र इथवर आला होता, याच्या खाली घर बांधू नका. पिंपळखुटे दगडाशी उभे राहिले. मग त्यांनी हळूहळू मान वळवून खाली बघितलं. हारुएच्या आईचं घर, आमच्या राहण्याचं घर, पोस्ट, दुकान, शाळा, सगळं गाव दगडाच्या खाली होतं. छपरांवर ऊन पडलं होतं. कोणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"गावाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हारुए म्हणाली. "दगड गावानेच लावला."

त्यानंतर त्यांचं सुख संपलं. नियम पाळणाऱ्या माणसांना ते समजू शकत, नियम मोडणाऱ्यांनाही. पण नियम दगडात कोरून, त्याला दर वर्षी फुलं वाहून, शांतपणे त्याच्याखाली राहणारी माणसं त्यांना नवी होती. जेवताना त्यांनी भातातून मान वर काढली नाही. समुद्राचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. लाट जरा मोठी फुटली की त्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबत.

वहिनी मात्र पोरीसारख्या हसत होत्या. "उद्या सकाळी, अं?" त्या हारुएला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. जेवण उरकून पिंपळखुटे शेजारच्या खोलीत गेले तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "साने भाऊजी, एकदाच जायचंय हो मला आत. एकदा आतून बघितलं ना, की मग मी यांना कुठे म्हणून ओढणार नाही. पण उद्या यांनी अडवलं, तर मी पुन्हा कधी मागणारही नाही. ते जास्त वाईट होईल."

हे पिंपळखुट्यांनी ऐकलं होतं, कारण कागदाच्या भिंतीपलीकडे त्यांचा श्वास थांबल्याचा आवाज आला.

सकाळी आम्ही होड्या ओढायच्या सिमेंटच्या उतारावर जमलो. हारुएची आई, सगळे तिला ओबासान म्हणत, बुटकी, रुंद आणि उन्हाने तांब्यासारखी झालेली बाई होती. डोक्याला पांढरं फडकं, आणि त्यावर निळ्या दोऱ्याने काढलेली चांदणी. तसंच फडकं तिने वहिनींच्या डोक्याला बांधलं.

"ही चांदणी कशासाठी?" पिंपळखुट्यांनी विचारलं.

हारुए म्हणाली, "रेघ जिथून निघते तिथेच परत येते. तशी बाई परत येते."

"याची चाचणी झालीय?"

हारुएने याचं भाषांतर केलं नाही.

मग दोराचा प्रश्न आला. पिंपळखुट्यांनी लुडविग्सहाफेनहून चांगला, प्रमाणपत्र असलेला दोर आणला होता. तो वहिनींच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. ओबासानने ते पाहिलं, माझ्या हातातून टोक घेतलं आणि पिंपळखुट्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी परत माझ्याकडे दिलं. तिने परत त्यांच्याकडे. मग ती बरंच बोलली.

"आई म्हणते," हारुए म्हणाली, "पूर्वी होडीतून बुडी मारायचे तेव्हा दोर नेहमी नवऱ्याच्या हातात असायचा. परका माणूस गप्पा मारत बसतो. नवराच वेळेवर ओढतो."

"तिला सांगा, आमच्याकडे हे नियमात बसत नाही."

"मी सांगितलं. ती म्हणते, तुमच्याकडे समुद्र नाही."

पिंपळखुट्यांनी दोर मनगटाला गुंडाळला. हात इतका थरथरत होता की दोराची थरथर पार वहिनींच्या कमरेपर्यंत जात होती. वहिनींनी वळून बघितलं. "अहो, हलवू नका ना. गुदगुल्या होतात." आणि त्या ओबासानच्या मागोमाग पाण्यात शिरल्या.

थोडा वेळ दोघींची पांढरी डोकी दिसत होती. मग ओबासान गेली, मग वहिनी. दोर सरसर आत गेला आणि थांबला. पिंपळखुट्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. अचानक समुद्रातून लांब, बारीक शीळ आली आणि ते जागच्या जागी उडाले. बुडी मारून वर आलेली बाई छातीतली हवा अशी शीळ घालत सोडते, हारुएने सांगितलं. पाठोपाठ दुसरा, फुरफुरल्यासारखा आवाज आला. तो वहिनींचा. पिंपळखुट्यांनी डोळे मिटले, उघडले.

पुन्हा दोघी खाली. शीळ. फुरफुर. पुन्हा खाली. आता त्या उजवीकडच्या खडकाजवळ होत्या. मला वाटतं, त्या वेळी त्यांचा थोडासा विश्वास बसायला लागला होता. ते म्हणालेही, "साने, ही चांगली करते, नाही?"

मग नुसती शीळ आली.

आम्ही वाट बघितली. लाट आली, गेली. खडकापलीकडे फेस झाला. फुरफुर आली नाही. पिंपळखुट्यांनी दोर हळूच ओढला. दोर ताठ झाला आणि आला नाही. त्यांनी जोरात ओढला. आला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. भीतीने वाकडा झालेला चेहरा मी पाहिला होता, रोजच पाहत होतो. पण या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सगळं पुसून टाकलं होतं.

"कुमुद," ते साध्या आवाजात म्हणाले, कोणी स्वयंपाकघरात असावं तसे. आणि गेले.

बूट, पँट, खिशातलं पाकीट, चष्मा, सगळ्यासकट गेले. त्यांना पोहता येत नव्हतं. शेवाळावरून पाय घसरून ते बसले, उठले, छातीपर्यंत गेले, आणि एक लाट आली तिच्याखाली दिसेनासे झाले. हारुए किंचाळली. माझ्या तोंडून मदतीची हाक निघाली, अगदी नियमात लिहिल्याप्रमाणे, मोठ्याने आणि स्पष्ट, पण जर्मनमध्ये. पाय उतारावर रोवलेले राहिले. मला पोहता येतं. पाय सुटायला किती वेळ लागला असता ते मला सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात खडकाआडून ओबासान निघाली. ती माशासारखी आली, पाण्यात हात घातला आणि पिंपळखुट्यांना कॉलरला धरून ओढत उतारावर आणून टाकलं.

पाठोपाठ वहिनी आल्या, पोहत, धापा टाकत. कमरेला दोर नव्हता. तो समुद्रगवतात गुरफटला, म्हणून ओबासानने तो खालीच सोडवून दगडाला अडकवून ठेवला होता, आणि दोघी खडकापलीकडून वर आल्या होत्या. वहिनींची फुरफुर फेसाच्या आवाजात बुडून गेली होती. त्यांच्या हातात तळहाताएवढा एक शंख होता.

"अहो! तुम्ही कशाला आलात?"

पिंपळखुटे खोकत होते. नाकातून समुद्र येत होता. "दोर... आला नाही."

"म्हणून तुम्ही आलात? तुम्हाला बादलीत पाय घालता येत नाही!"

पिंपळखुटे वहिनींच्या दंडाला धरून बसले आणि मग असे कापायला लागले की वहिनींनी शंख खाली ठेवून त्यांना दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ दोघं ओल्या सिमेंटवर तशीच होती. आम्ही दुसरीकडे बघत होतो.

मग त्यांनी मला शोधलं. चष्मा गेला होता, त्यामुळे भलत्याच दिशेला बघून म्हणाले, "साने, तुम्ही काहून नाही आलात?"

"मी बाहेरचा माणूस."

त्यांनी ओल्या बाहीने नाक पुसलं.

"बरोबर," ते म्हणाले. "बरोबर केलंत." आणि मग वहिनींच्या खांद्यात तोंड खुपसून मोठ्याने रडले.

ओबासान बाजूला उभी राहून पाणी निथळत होती. तिचं काहीतरी मत होतं. हारुए आधी सांगेना, मग म्हणाली, "आई म्हणते, माझ्या नवऱ्याने कितीतरी वर्षं दोर धरला, पण तो कधी आत आला नाही. तो विडी ओढायचा."

शंख परत समुद्रात टाकावा लागला. तो काढण्याचा हक्क फक्त गावच्या सहकारी संस्थेच्या बायकांना होता.

पुढच्याच वर्षी मी नोकरी बदलून स्टुटगार्टला गेलो. पिंपळखुटे निवृत्त होऊन नागपूरला राहायला गेले. समुद्रापासून इतकं लांब शहर त्यांनी नकाशात शोधून काढलं असणार. तिथेच ते गेले. झोपेत, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. अपघाताने नव्हे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. मला मात्र ते डोळ्यांसमोर येतात ते त्या गावातल्या आमच्या शेवटच्या सकाळचे.

त्यांचे कपडे वाळले नव्हते. ओबासानने आपल्या मृत नवऱ्याची विजार आणि सदरा दिला होता. विजार पोटरीपर्यंत आली होती. त्या कपड्यांत ते उतारावर बसले होते, नवीन चष्म्याअभावी डोळे बारीक करून, दोर मनगटाला दोनदा गुंडाळून. त्यांची भीती गेली असं मला लिहायला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. ती आदल्या दिवसापेक्षा वाढलीच होती. आता ती कशाची ते त्यांना आतून माहीत होतं. ओठ पांढरे, जबडा घट्ट. तरीही वहिनी "जाऊ ना?" म्हणाल्या तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि दोर सोडत गेले, वीतभर, वीतभर, एखाद्याने आपलंच काहीतरी उलगडून द्यावं तसे. वहिनी पाण्यात वाकल्या, डोळ्यांना बुडीची काच लावलेलं तोंड आत घातलं, आणि त्यांचं पांढरं फडकं तेवढं लाटांवर हलत राहिलं. सकाळचं ऊन, निळं पाणी, दोर ताठ, आणि त्याच्या दोन टोकांना ही दोन माणसं. ओबासान माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि समाधानाने काहीतरी म्हणाली.

ओहोटी होती. वहिनी उभ्या होत्या तिथे पाणी त्यांच्या कमरेइतकं होतं.